महायुद्ध आणि सायवनचे रान

दुसरे महायुद्ध २ सप्टेंबर १९४५ रोजी टोकिओच्या उपसागरात, ‘मिसुरी’ या अमेरिकन युद्धनौकेवर संपले, असे आपण शाळेत शिकलो. त्यानंतर अवघ्या अडतीस दिवसांनी, १० ऑक्टोबर रोजी, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणूच्या मुलखातील तलवाडा येथे पोलिसांनी वारली शेतमजुरांच्या जमावावर गोळीबार केला आणि त्यात पाच माणसे प्राणांस मुकली. जेठ्या गांगड हे त्यांतले पहिले. या घटनेला आता ऐंशी वर्षे उलटून गेली. पहिली घटना जगाच्या इतिहासात जमा झाली, दुसरी जिल्ह्याच्या इतिहासाच्या एखाद्या कोपऱ्यात. आणि या दोहोंचा एकमेकींशी काही संबंध असेल, ही शंकाही सुशिक्षित वाचकाच्या मनाला सहसा शिवत नाही. आमच्या मते तो संबंध आहे, घनिष्ठ आहे, आणि मुंबईकराने तर तो विशेषेकरून ध्यानी घेण्याजोगा आहे.

डहाणू तालुक्याच्या आतल्या अंगाला, तलासरीच्या सरहद्दीकडे सायवन हे गाव आहे. डोंगराळ मुलूख, वस्ती मुख्यत्वे वारली आदिवासींची. येथे रणगाडे आले नाहीत, आकाशातून बाँब पडला नाही. सायवनचे नाव आम्ही घेतो ते एका गावापुरते नव्हे. डहाणूपासून जुन्या उंबरगाव तालुक्यापर्यंतचा जो रानपट्टा, त्याची खूण म्हणून घेतो. या रानातून महायुद्धाकडे पाहिले म्हणजे ते कसे दिसते, हा आजचा प्रश्न आहे.

युद्धाच्या कारणांची मीमांसा करताना इतिहासकार व्हर्सायच्या १९१९ च्या तहापाशी जातात, तेथून १९२९ च्या अमेरिकेतील कोसळीपाशी आणि जर्मनीतील बेकारीपाशी येतात, आणि जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला येथे थांबतात. ही साखळी खरीच आहे. पण तिची एक कडी आपल्याकडेही लोंबत होती. ज्या मंदीने बर्लिनमध्ये बेकारांच्या रांगा लावल्या, त्याच मंदीने कोकणातील भाताचे भाव पाडले. सारा आणि कर्ज मात्र रोखीतच फेडावयाचे होते. वारल्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांकडे जाण्याचा ओघ एकोणिसाव्या शतकापासूनच चालू होता. मंदीने त्यास जोर दिला. कालचा खातेदार आजचे कूळ झाला, आणि कूळ झाला म्हणजे वेठीला लागला. पावसाळ्यात पोटाला खावटी काढावी, ती सुगीला वाढीव धान्याने फेडावी, आणि लग्नासाठी कर्ज घेतले तर नवराबायको दोघांनी सावकाराच्या घरी राबत राहावे. अशा माणसाला तेथे ‘लग्नगडी’ म्हणत. शब्द किती गोड, आणि अर्थ किती भयंकर!

हे कोणास ठाऊक नव्हते असे नाही. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले, आणि त्याच काळात सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडून आदिवासींच्या स्थितीची पाहणी करविण्यात आली. मालक बोलावील तेव्हा कुळाला कामावर जावे लागते आणि न गेल्यास मारहाण सोसावी लागते, ही गोष्ट त्या अहवालात सरकारी लेखणीने नमूद झाली आहे. आता काही घडेल अशी आशा करावी, तोच युरोपात युद्ध पेटले. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थानातील एकाही लोकप्रतिनिधीस न विचारता हा देश युद्धात उतरल्याचे जाहीर केले. निषेध म्हणून काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली. खेर मंत्रिमंडळाने नोव्हेंबरात राजीनामा दिला. तो राजीनामा स्वाभिमानाला धरून होता यात संशय नाही. मात्र पुढची सहा-साडेसहा वर्षे प्रांताचा कारभार गव्हर्नरच्या हाती गेला, आणि डहाणूच्या वेठीचा अहवाल जेथे होता तेथेच राहिला. सायवनच्या रानाला महायुद्धाचा पहिला फटका बसला तो असा, एकही गोळी न सुटता.

दुसरा फटका अधिक गुंतागुंतीचा होता. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ येणे बंद झाले. पुढच्या वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि त्यात सुमारे तीस लाख माणसे मेली. मुंबईत मे १९४३ पासून शिधापत्रिका आल्या. लष्कराला लाकूड हवे होते, रेल्वेला हवे होते, गोद्यांना हवे होते. पेट्रोल दुर्मिळ झाल्यामुळे कोळशाच्या वायूवर धावणाऱ्या, पाठीला भट्टी बांधलेल्या मोटारी रस्त्यांवर दिसू लागल्या. त्यांना लाकडी कोळसा हवा होता. आणि गवत! आरेची वसाहत १९४९ साली सुरू होण्यापूर्वी मुंबईच्या म्हशी शहरातल्याच गोठ्यांत होत्या, आणि त्यांच्या वैरणीचा मोठा भाग ठाणे जिल्ह्याच्या रानांतून, गासड्या बांधून, आगगाडीने येत असे. गिरगावात आणि दादरला सकाळी जे दूध येत होते त्याची सुरुवात कोठे होत होती, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी कधी विचारले नाही. विचारण्याचे कारणही त्यांना पडले नसावे.

मागणी अशी चहूबाजूंनी वाढली म्हणजे मजुरी वाढावयास हवी, असे अर्थशास्त्राचे पुस्तक सांगते. ते पुस्तक डहाणूच्या कुपांत चालत नव्हते. तेथे मजूर बाजारात नव्हताच. तो कर्जाच्या दाव्याला बांधलेला होता. जंगलाचा ठेकेदार आणि जमीनदार हे बहुधा एकाच वर्तुळातले, पुष्कळदा एकच इसम. त्यामुळे लाकडाचा भाव चढला, गवताचा चढला, कोळशाचा चढला. तोडणाऱ्याच्या हाती मात्र जवळजवळ पूर्वीचेच आणे पडत राहिले. याच काळात देशातील घाऊक किमती युद्धापूर्वीच्या सुमारे अडीचपट झाल्या होत्या. मजुरी तीच आणि मीठ-कापड अडीचपट, याचा अर्थ समजण्यास आकडेमोड करावी लागत नाही.

भाववाढीचे मूळही पाहिले पाहिजे, कारण त्यात महायुद्धाचे सारे अर्थकारण उघडे पडते. ब्रिटनला हिंदुस्थानातून युद्धाचा माल हवा होता. रोख देण्यास त्याच्यापाशी काही नव्हते. म्हणून लंडनमध्ये हिंदुस्थानच्या नावे पौंड जमा दाखवावयाचे आणि त्यांच्या आधारावर येथे नोटा छापून माल उचलावयाचा, अशी व्यवस्था झाली. १९३९ ते १९४५ या काळात चलनातील नोटा सुमारे सहापट झाल्या. युद्धाअखेर ब्रिटन आपले जवळजवळ १३० कोटी पौंड देणे लागत होते. ऋणको देश धनको झाला म्हणून आपल्याकडील पुष्कळ विद्वानांना त्याचा अभिमान वाटला. पण ही बचत कोणाची होती? ज्याला महागाईने कमी खाणे भाग पडले त्याची. बंगालच्या शेतमजुराची, आणि सायवनच्या वारल्याचीही. त्याला कोणी कर्जरोखा दिला नाही. उलट त्याच्याच नावावर सावकाराच्या वहीत कर्ज चढत राहिले.

महाराष्ट्राने या युद्धात रक्त दिले, हे आम्ही विसरत नाही. यशवंत घाडगे इटलीच्या डोंगरांत जुलै १९४४ मध्ये पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले; नामदेव जाधव यांनी तोच मान एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीच्या काठी मिळविला. युद्धात हिंदी सैन्याचे सुमारे ८७ हजार जवान कामी आले. १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटाची आठवण तर घराघरांत आहे. रणांगण आणि गोदी यांची गणती झाली. रानाची व्हावयाची राहिली, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे.

आता १९४५ सालाकडे येऊ. ८ मे रोजी युरोपातील युद्ध थांबले. सॅनफ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रांची सनद तयार करण्यासाठी परिषद भरली होती, ती २५ एप्रिलपासून २६ जूनपर्यंत चालली. माणसाची प्रतिष्ठा आणि मूलभूत हक्क यांविषयी तेथे शब्दाशब्दांवर खल चालू असताना, २३ मे रोजी, तलासरीजवळच्या झरी गावी सुमारे पाच हजार वारली जमले. यापुढे वेठ करावयाची नाही, मजुरीवाचून काम करावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. त्यांना सॅनफ्रान्सिस्को हे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु त्या वर्षी जगात मानवी हक्कांची जी काही घोषणापत्रे निघाली, त्यांत झरीच्या ठरावाला आम्ही वरची जागा देऊ. कारण तो अंमलात आणण्यासाठी त्यांनी दुसऱ्या कोणाची वाट पाहिली नाही. काही आठवड्यांतच लग्नगडी सावकारांची घरे सोडून आपल्या पाड्यांवर परतू लागले.

हे घडवून आणणाऱ्या गोदावरी आणि शामराव परुळेकर यांचा महायुद्धाशी आलेला संबंधही मोठा चमत्कारिक आहे. पुण्याच्या गोखले घराण्यातील ही कायद्याची पदवीधर कन्या. शामराव १९३८ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जाऊन आलेले. युद्धाला विरोध केला म्हणून १९४० मध्ये सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. पुढे जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर चालून गेला, कम्युनिस्टांच्या लेखी तेच युद्ध ‘लोकयुद्ध’ झाले, आणि १९४२ मध्ये त्यांच्या पक्षावरील बंदी उठली. सारा देश ‘चलेजाव’च्या घोषणेने पेटलेला असताना घेतलेल्या या भूमिकेचे समर्थन आम्ही करणार नाही. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला गोळ्या झेलून जे पाच जण हुतात्मे झाले, त्यांच्या स्मृतीपुढे ते समर्थन टिकतही नाही. तथापि इतिहासाचा न्याय सरळ रेषेत चालत नाही. त्या भूमिकेमुळेच पक्षाला उघडपणे काम करण्याची मोकळीक मिळाली, आणि तिच्यातून किसान सभेचा झेंडा झरीपर्यंत पोहोचला.

पावसाळा सरला, गवतकापणीचा मोसम आला. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये द्या, ही मागणी घेऊन वारल्यांनी काम थांबविले. मोसम निघून गेला तर गवत उभ्या जागी वाळून जाते. मालकांच्या संतापाचे खरे कारण हे होते. त्यानंतर तलवाडा घडले. फॅसिझमचा पाडाव करून जग मोकळे केल्याचा आनंद ज्या सरकारने दिवे लावून साजरा केला होता, त्याच सरकारच्या बंदुका पाचशे पौंड गवताच्या भावासाठी सुटल्या. आणखी चौदा दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, संयुक्त राष्ट्रांची सनद अंमलात आली.

युद्धोत्तर काळ म्हणजे शांतता असे आपण धरून चालतो. १९४६ हे वर्ष तसे नव्हते. फेब्रुवारीत मुंबईच्या नौसैनिकांनी बंड केले, पुढे खेर पुन्हा मुख्यमंत्री झाले, आणि त्या वर्षीच्या तोडीच्या मोसमात डहाणू-उंबरगावच्या जंगलांत रोजी सव्वा रुपयाच्या मागणीसाठी मोठा संप झाला. या वेळी सरकार आपले होते. ज्यांच्या आधीच्या कारकिर्दीत सिमिंग्टनचा अहवाल सिद्ध झाला आणि ज्यांनी १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ स्थापन केले, त्या खेरांच्याच राज्यात किसान सभेच्या कार्यकर्त्यांवर जिल्ह्यातून तडीपारीचे हुकूम निघाले. खेरांच्या सद्‌हेतूविषयी शंका घेणे अन्यायाचे होईल. पण सेवा करून घेणारा आदिवासी ज्यांना प्रिय होता, त्यांना हक्क मागणारा आदिवासी ओळखता आला नाही, हे लिहून ठेवणे प्राप्त आहे. लाकूडव्यापाऱ्यांना शेवटी बोलणी करावी लागली, ती त्याच अशिक्षित मजुरांच्या एकजुटीपुढे.

यानंतरचा इतिहास कायद्यांचा आहे, आणि तो भराभर सांगता येतो. १९४८ चा कूळकायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन, वेठबिगारी मोडणारा १९७६ चा कायदा, वनहक्कांचा २००६ चा कायदा. मधे १ मे १९६० रोजी राज्याची वाटणी झाली, उंबरगाव गुजरातेत गेले, तलासरी महाराष्ट्रात राहिली, आणि झरीला एकत्र आलेल्यांच्या मुलखातून सरहद्द गेली. २०१४ साली पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. लंडनला जमा असलेले पौंड तर दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या पहिल्या वर्षांतच बहुतेक संपले होते. त्यांतून यंत्रसामग्री आली, अन्नधान्य आले.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून किसान सभेचा मोर्चा पायी मुंबईत आला. त्याची एक मुख्य मागणी वनहक्काच्या दाव्यांची होती, आणि चालणाऱ्यांत पालघरचे आदिवासीही होते. दहावीच्या परीक्षेस जाणाऱ्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून ते शेवटची मजल रात्रीच चालून आले. शहराने त्यांना पाणी दिले, अन्न दिले, काहींनी पायांतल्या चपला काढून दिल्या. ते पाहून आम्हांस समाधान वाटले. तथापि कसत असलेल्या जमिनीच्या दाव्याचा निकाल हा चपलेहून वेगळा विषय आहे, आणि तो देण्याचे काम कायद्याने ज्या समित्यांकडे सोपविले आहे त्यांनी प्रत्येक दाव्यावर, नाकारावयाचा झाला तरी लेखी कारणे देऊन, ठराविक मुदतीत निर्णय द्यावा, एवढे तरी या शहरातील वाचकाने आपल्या सरकारकडे मागावयास हवे. पालघरच्या पाच हुतात्म्यांचा स्तंभ भर चौकात उभा आहे आणि १४ ऑगस्टला तेथे शासकीय मानवंदना होते. तलवाड्याच्या पाचांना १० ऑक्टोबर रोजी वंदन करण्यास आजवर जमतात ते त्यांचे त्यांचेच लोक.