वॉर्सातलं कोल्हापूर आणि दिल्लीतला शिक्का

मा. गृहमंत्री आणि मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली



पुतणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला परवा कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला गेलो होतो. कोल्हापूर-सांगलीकडचा माणूस बस्त्याला गांधीनगरलाच जातो. बायका शालूंच्या ढिगात, मानपानाचे टॉवेल-टोपी मोजायचं काम माझ्याकडे. मोजता मोजता गादीवरच्या शेठशी गप्पा निघाल्या. त्याचे आजोबा फाळणीत सिंधमधून आले. "आले तेव्हा घरं तयार होती," तो म्हणाला, "गोरे नुकतेच सोडून गेले होते." हे गोरे इंग्रज नव्हेत, पोलंडचे.

आपल्याला हे ठाऊक आहेच. २१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांनी वॉर्सात कोल्हापूरच्या नावाच्या स्मारकाला पुष्पचक्र वाहिलं. त्या दिवशी आमच्याकडे बऱ्याच जणांची छाती फुगली, माझीही. म्हणूनच हे पत्र लिहायचा हक्क थोडा आमच्याकडेही आहे असं वाटतं.

१९४० पासून सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया-कझाकस्तानात नेली. १९४१ च्या करारानं सुटका झाली आणि पुढल्या वर्षी हजारो लोक कॅस्पियन ओलांडून इराणात उतरले. तिथून कुणी पूर्व आफ्रिकेत, कुणी मेक्सिकोत, कुणी न्यूझीलंडला गेलं. सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं, १९४३ पासून करवीर तालुक्यातल्या वळिवड्यात राहिले. शाळा, दवाखाना, चर्च, नाटकं असं एक अख्खं पोलिश गाव रुकडीच्या अलीकडे उभं राहिलं. इथंच डोळे मिटलेल्यांच्या कबरी अजून कोल्हापुरात आहेत.

ही गोष्ट सांगताना आम्ही कोल्हापूरकर जरा तिखटमीठ लावतो. छत्रपतींनी आसरा दिला, असं म्हणतो. पण तेव्हा गादीवरचे शिवाजी महाराज दोन वर्षांचेही नव्हते; कारभार रीजन्सीकडे होता. जमीन संस्थानची, देखरेख ब्रिटिश हिंदुस्थान सरकारची आणि खर्च लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचा. इथल्या लोकांनी जीव लावला हे खरंच, पण छावणी पाच वर्षं चालली ती कुणाच्या वाट्याला काय, हे ठरलेलं होतं म्हणून.

आणि ठरलेलं एकदा मोडलंही. जुलै १९४५ मध्ये ब्रिटननं वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली. लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता गेली, म्हणजे खर्च करणाराच गेला. लोकांनी परत जावं कुठं? बहुतेकांची गावं नव्या सोव्हिएत हद्दीत गेलेली. तेव्हा आधी संयुक्त राष्ट्रांच्या नावानं निघालेल्या मदत व पुनर्वसन संस्थेनं, म्हणजे 'अन्रा'नं, आणि तिच्यामागून आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेनं भार घेतला. मग देश शोधले गेले. अँडर्स यांच्या पोलिश फौजेतल्या सैनिकांच्या घरच्यांना ब्रिटननं घेतलं. कुणी ऑस्ट्रेलियाला गेलं, कुणी कॅनडाला, कुणी अमेरिकेला. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली आणि त्याच घरांत सिंधी कुटुंबं शिरली; तेच आजचं गांधीनगर. त्या पाच हजारांना आपण जन्मभर पोसलं नाही. पाच वर्षं छप्पर दिलं आणि निघाले तेव्हा निघू दिलं.

माझं मागणं या शेवटच्या चार शब्दांपुरतं आहे.

आज दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचं ओळखपत्र खिशात घेऊन राहणारे अफगाण आणि म्यानमारमधले लोक आहेत. त्यांतल्या थोड्यांना तिसरा देश घ्यायला तयार होतो. त्याआधी फाईल जाते, मुलाखती होतात, सुरक्षा तपासणी होते, वैद्यकीय तपासणी होते. यातल्या काही कागदांना मुदत असते. एक संपला की मागचंही पुन्हा करावं लागतं. सगळं जुळून आलं की शेवटी लागतो आपला शिक्का, देश सोडण्याचा परवाना. आणि तिथं गाडी अडते, विशेषतः रोहिंग्यांची. कारण एकच, की हे बेकायदा आत आले. अहो, ज्याला सरकार 'इथं राहू नकोस' म्हणतं, तो जायला निघाला तर त्याला 'तू आलासच कसा' म्हणून धरून ठेवायचं, हा कुठला न्याय? ज्यांना हे लोक इथं नकोत आणि ज्यांना त्यांची दया येते, त्या दोघांचंही काम या एका सहीनं होणार आहे.

उशीर परवडण्यासारखे दिवसही नाहीत. जगातल्या निर्वासितांपैकी शंभरात एकालाही वर्षभरात तिसऱ्या देशाचं दार उघडत नाही. अमेरिकेनं २०२४ च्या आर्थिक वर्षात लाखभर माणसं घेतली. २०२६ साठी मर्यादा ठेवली ७,५००. अशा वेळी हातात आलेली जागा दिल्लीच्या टेबलावर कुजली, तर ती दुसऱ्यांदा मिळेलच असं नाही.

१९५१ च्या निर्वासित करारावर भारतानं सही केलेली नाही. तो युरोपच्या मापानं बेतलेला होता, हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. सहीवाचूनही आपण पुष्कळ केलं आहे. गोंदिया जिल्ह्यातली तिबेटी वसाहत त्याची साक्ष आहे. पण त्याच उच्चायुक्तालयाच्या कार्यकारी समितीत आपण १९९५ पासून बसतो, आणि २०१८ मध्ये निर्वासितांचा भार वाटून घेण्याच्या जागतिक संहितेच्या बाजूनं मतही दिलं. वाटून घेणं म्हणजे दर वेळी आपल्या ताटात वाढून घेणं नव्हे. दुसरा वाढून घ्यायला पुढे आला तर त्याचा हात न धरणं, एवढंही त्यात येतं. देशी निर्वासित कायदा व्हावा असं मला वाटतं, पण ते लांबचं काम. परवान्याला कायदा नको, परिपत्रक पुरेल: तिसऱ्या देशाचं स्वीकृतिपत्र असेल तर विनाव्हिसा प्रवेशाचा मुद्दा आड येऊ नये, अर्जाचा निकाल ठरलेल्या दिवसांत लागावा आणि नकार दिला तर कारण लिहून द्यावं.

तोवर एक करा. तिसऱ्या देशानं स्वीकारलेल्या किती जणांचे परवान्याचे अर्ज आज पडून आहेत आणि सर्वांत जुना कोणत्या तारखेचा आहे, एवढं येत्या अधिवेशनात पटलावर ठेवा.

आपला,
करवीर तालुक्यातला एक मतदार