खेळ बदलायचा तर सगळ्यांचा

मुलाच्या हातातला मोबाइल काढून घेता येतो. त्याच्या चार मित्रांच्या हातातला काढून घेता येत नाही, आणि खरी अडचण तिथेच असते. संध्याकाळी चौघं मित्र ऑनलाइन खेळाच्या एका लॉबीत जमतात, पाचव्याच्या घरी बंदी असते. दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हॅनमध्ये कालच्या सामन्याचीच चर्चा: कोण आधी नॉक झाला, कोणी कव्हर दिलं, शेवटच्या झोनमध्ये कोणी कोणाला रिव्हाइव्ह केलं. पाचवा खिडकीबाहेर बघत बसतो. आईवडिलांना वाटतं, आपण खेळ बंद केला. मुलाच्या लेखी मित्र बंद झालेले असतात.

मुलांच्या गेमिंगबद्दल पालकांमध्ये बोलणं निघालं की गाडी वेळेवर येऊन थांबते. अर्धा तास द्यायचा की एक तास, परीक्षेच्या दिवसांत द्यायचा की नाही. वेळेचं बंधन हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण खेळ कोणता, हे कोणी विचारत नाही. पुस्तक घेताना आपण चार पानं चाळतो, सिनेमाला नेण्याआधी तो मुलांनी बघण्यासारखा आहे का याची चौकशी करतो. मित्रांबरोबर रोज खेळायचा खेळ मात्र वर्गातल्या सगळ्यात दांडग्या मुलाच्या आवडीवर सोडून देतो. माझं म्हणणं असं आहे, की मित्रांबरोबरचा खेळ आपल्या एकट्या मुलासाठी निवडताच येत नाही. तो त्याच्या सगळ्या टोळीसाठी निवडावा लागतो, आणि ते काम पालकांनी मिळून करायचं आहे.

सरकारी बंदीनं काय होतं ते आपण पाहिलं आहे. 2 सप्टेंबर 2020 रोजी पब्जी मोबाइलवर बंदी आली, मुलं फ्री फायरकडे वळली. फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायरवर बंदी आली, तोवर पब्जीचा भारतीय अवतार बीजीएमआय हजर झाला होता. जुलै 2022 मध्ये तोही प्ले स्टोअरवरून गेला आणि मे 2023 मध्ये परत आला. या सगळ्या धरसोडीत मुलं एकेकटी कुठे गेली नाहीत. जिथे गेली तिथे टोळीनं गेली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं केलेल्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, ते चांगलंच झालं; पण आपल्या पाचवी-सहावीतल्या मुलांचे रोजचे खेळ त्या बंदीत येत नाहीत. त्यांची निवड घरातच करावी लागणार.

पब्जी, फ्री फायरसारख्या बॅटल रॉयल प्रकारच्या खेळांत काहीच चांगलं नाही, असं मी म्हणणार नाही. चौघांच्या स्क्वॉडमध्ये मुलं एकमेकांसाठी जीव टाकतात, आपल्याकडची औषधं दुसऱ्याला देतात, हे मी पाहिलं आहे. तरीही दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी हे खेळ मला नको वाटतात, आणि त्याचं कारण बंदुका एवढंच नाही. ज्याचा हात कच्चा, तो पहिल्या पाच मिनिटांत मरतो आणि उरलेला वेळ बाकीच्यांचं बघत बसतो. वर ‘नूब’, म्हणजे नवशिका, म्हणवून घेतो. माइकवर कोण अनोळखी माणूस काय बोलेल याचा भरवसा नाही. स्किन, म्हणजे पात्राचा पोशाख, विकत घेणाऱ्याचा रुबाब आणि न घेऊ शकणाऱ्याची पडती बाजू, हा भेद तर थेट मैत्रीत शिरतो. शिवाय हा खेळ संपतच नाही. रोजचं मिशन, सीझन, रँक पुश; थांबलं की मागे पडलं.

हे असं आपोआप झालेलं नाही, तसं घडवलेलं असतं. डिसेंबर 2022 मध्ये फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सनं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून 52 कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. आरोप दोन प्रकारचे होते. पालकांना न विचारता मुलांची माहिती गोळा केली आणि अनोळखी लोकांशी बोलण्याची सोय मुलांसाठीही आपोआप चालू ठेवली, हा एक. बटणांची मांडणी अशी केली की चुकून खरेदी व्हावी, हा दुसरा. आपल्या घरातल्या मोबाइलवरचा खेळही या दोन अंगांनी तपासायलाच हवा.

मग चांगला खेळ ओळखायचा कसा? मी एकच गोष्ट आधी बघते: या खेळात मुलांना एकमेकांची गरज पडते का? पडत असेल, खोलीत फक्त ओळखीची मुलं असतील आणि डाव संपल्यावर उठता येत असेल, तर बाकीच्या गोष्टी जमवून घेता येतात.

अशा खेळांत माझा सगळ्यात लाडका आहे ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’. कॅनडातल्या एका छोट्या कंपनीनं तो 2015 मध्ये काढला. एकासमोर लॅपटॉप, त्यावर एक बॉम्ब आणि घड्याळ. बाकीच्यांना पडदा बघायचा नाही. त्यांच्या हातात बॉम्ब निकामी करायची 23 पानांची पुस्तिका. ज्याला बॉम्ब दिसतो त्याला पुस्तिका दिसत नाही, ज्यांच्याकडे पुस्तिका आहे त्यांना बॉम्ब दिसत नाही. तीन चुका झाल्या की स्फोट. खेळाची एकच प्रत विकत घ्यावी लागते, पुस्तिका फुकट मिळते आणि ती छापून घेता येते. ‘बॉम्ब’ म्हटल्यावर काही पालक नाक मुरडतात, पण यात कोणी कोणाला मारत नाही.

सुट्टीत आमच्या हॉलमध्ये हा डाव रंगला होता. पाच मुलं, लॅपटॉप भिंतीकडे तोंड करून, पुस्तिकेची पानं जमिनीवर पसरलेली. पहिल्या बॉम्बमध्ये वायरी, एक बटण आणि चिन्हांची फळी एवढंच असतं. पुस्तिका इंग्रजीत, मुलं सेमी-इंग्रजीची. वाचता वाचता मराठी चालू.

“किती वायरी आहेत?”

“तीन.”

“शेवटची पांढरी आहे का?”

“हो.”

“मग शेवटची काप. ए थांब थांब! आधी सांग, लाल आहे का एकतरी?”

“लाल नाहीये.”

“मग दुसरी काप, दुसरी! वरून दुसरी!”

नियम तसाच आहे: तीन वायरी असतील आणि त्यात लाल एकही नसेल तर दुसरी कापायची, पांढरीचा विचार त्यानंतर. ज्यानं प्रश्न आधीच्या ओळीपासून विचारला नाही, त्याला बाकीच्यांनी लगेच अडवलं. पुढच्या फळीवर अक्षरांसारखी विचित्र चिन्हं होती. त्यांना नावं नाहीत, म्हणून मुलांनीच ठेवली: फुगा, शेपटीवाला सहा, उलटं प्रश्नचिन्ह. ‘चांदणी’ म्हटल्यावर समोरून प्रश्न आला, “पोकळ की भरलेली?” पुस्तिकेत दोन्ही आहेत. ही शंका काढणारी मुलगी बंदुकीच्या खेळात कायम सगळ्यांत आधी बाद होणारी. त्या दुपारी मुलं पुस्तिका आपणहून तिच्या हातात देत होती. नेमकं विचारणं आणि नेमकं सांगणं हेच इथलं कौशल्य, आणि ते बोटांच्या वेगावर अवलंबून नाही. पुढच्या बॉम्बमध्ये सारख्या उच्चाराच्या इंग्रजी शब्दांचा एक भाग येतो. तो मराठी माध्यमाच्या मुलांना जड जातो. तिथे एखाद्या मोठ्यानं शेजारी बसावं.

लॅपटॉप नसेल, चार जणांकडे चार मोबाइल तेवढे असतील, तर ‘स्पेसटीम’ उतरवून घ्या. हेन्‍री स्मिथ या एकट्या माणसानं 2012 मध्ये बनवलेला हा खेळ फुकट आहे, दोन ते आठ जण खेळू शकतात आणि सगळे एकाच वायफायवर असले की झालं. प्रत्येकाच्या पडद्यावर यानाची वेगळी बटणं असतात. मात्र जी आज्ञा मला दिसते तिचं बटण बहुतेकदा दुसऱ्याकडे असतं. म्हणून ओरडायचं. बटणांची नावं मुद्दाम अगडबंब आणि निरर्थक ठेवली आहेत, त्यामुळे ज्याचं इंग्रजी चांगलं त्याचंही काही चालत नाही. मध्येच उल्का येतात, मग सगळ्यांनी मिळून मोबाइल हलवायचे. दहा मिनिटांत घसे बसतात आणि डाव संपतो.

माइनक्राफ्ट बहुतेकांना ऐकून माहीत असतं. 2011 मध्ये पूर्ण स्वरूपात आलेल्या या ठोकळे रचायच्या स्वीडिश खेळाच्या 2023 पर्यंत तीस कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. तो घेताना टोळीच्या दृष्टीनं एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवा: त्याच्या दोन आवृत्त्या आहेत. जावा फक्त संगणकावर चालते; बेडरॉक मोबाइलवर, कन्सोलवर आणि विंडोजवरही चालते. एका आवृत्तीतलं मूल दुसऱ्या आवृत्तीतल्या मुलाबरोबर खेळू शकत नाही. एकानं हौसेनं जावात खेळायचं आणि बाकीच्यांनी मोबाइलवर बेडरॉकमध्ये, असं झालं की मूल हिरमुसतं. म्हणून आधी सगळ्या घरांनी ठरवा, मग घ्या. आणि सार्वजनिक सर्व्हरवर न पाठवता त्यांचं त्यांना जग करू द्या, ज्यात बोलावल्याशिवाय कोणी येणार नाही.

दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या आपल्या मुलांना हा खेळ शिकवावा लागत नाही. आमच्या मुलांनी त्यात रायगड उभारायला घेतला. महादरवाज्याचे दोन बुरूज एकाकडे, बाजारपेठ दोघींकडे, हिरकणी बुरुजावर मात्र सगळ्यांचाच हक्क. एकानं दुसऱ्याची तटबंदी न विचारता पाडली आणि प्रकरण हातघाईवर आलं. शेवटी मुलांनीच नियम केला, की दुसऱ्याच्या बांधकामाला हात लावायचा तर आधी हाक मारायची. आम्ही मोठ्यांनी मध्ये तोंड घातलं नाही, हे फार बरं झालं.

‘ओव्हरकुक्ड’ (2016) मात्र शेजारी बसून खेळण्यात मजा आहे. चार आचारी, एक स्वयंपाकघर. कांदा चिरा, सूप चढवा, ताटल्या विसळा, घड्याळ धावतंय. थेट लग्नघरातल्या स्वयंपाकघरासारखी झुंबड उडते: कोणी तरी कामं वाटून दिली नाहीत तर काहीच पानात पडत नाही. तो स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात अनेकदा सवलतीत मिळतो. मित्र आपापल्या घरी असतील तरी 2019 पासून स्टीमवर ‘रिमोट प्ले टुगेदर’ नावाची सोय आहे. एकाच्या घरचा असा खेळ बाकीच्यांना विकत न घेता इंटरनेटवरून खेळता येतो. ही सोय पुष्कळ पालकांना माहीत नसते, पण तिच्यामुळे चार घरांऐवजी एकाच घराचा खर्च होतो.

समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला प्रत्येक खेळ टोळीच्या कामाचा नसतो. ‘इट टेक्स टू’ला 2021 चा सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला आणि तो आहेही सुंदर, पण तो दोघांचाच आहे, तिसऱ्यानं काय करायचं? त्यात गोष्टही घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या आईबाबांची, तेव्हा बारा वर्षांच्या पुढच्यांनाच द्यावा. पाचसहा जण जमले तर त्यापेक्षा ‘स्क्रिबल’ बरा. ब्राउझरवर चालतो, एकानं चित्र काढायचं, इतरांनी ओळखायचं, खासगी खोली करून त्यात आपले शब्द घालता येतात. एसटी, पुरणपोळी, वासुदेव असे शब्द घाला आणि बघा. बुद्धिबळाच्या नादातल्या मुलांसाठी लिचेस आहे: फुकट, जाहिराती नाहीत, आणि ‘किड मोड’ लावला की अनोळखी माणसांशी गप्पांची सोयच बंद होते.

आता पालकांच्या वाट्याचं काम. आमच्या सोसायटीत पाच घरांनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. खेळण्याची वेळ पाचही घरांत एकच. खेळातला माइक बंद, त्याऐवजी मुलांचा आपसातला व्हॉट्सॲप कॉल, म्हणजे आवाज फक्त ओळखीचे. नवा खेळ आला की आधी कोणी तरी एक मोठा माणूस तो मुलांबरोबर खेळून बघणार. “काकू, तुम्ही फुगा म्हणजे कुठला म्हणताय?” असं मुलं हक्कानं विचारतात, तेव्हा खेळात काय चाललंय हे वेगळं तपासावं लागत नाही.

एक खंत उरते. पुण्यात खेळ बनवणारी गुणी माणसं आहेत. नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये ‘राजी’ हा देखणा खेळ काढला, पण तो एकट्यानं खेळायचा. सुपरगेमिंगचा ‘इंडस’ 2024 मध्ये आला, तो पुन्हा बॅटल रॉयलच. चार मित्रांनी एकमेकांना मराठीत सूचना देत खेळायचा खेळ या गावात घडू शकतो, आणि तो विकत घ्यायला आमची पाचही घरं तयार आहेत.

तोवर तुम्ही एवढं करा. मुलाला त्याच्या टोळीतल्या मित्रांची नावं विचारा, त्यांच्या घरी फोन लावा आणि येत्या रविवारी सगळ्यांना एका घरी बोलवा. खेळ फुकटचा निवडला तरी चालेल, पण पहिला डाव त्यांच्याबरोबर बसून तुम्हीही खेळा.