सागरसफरीची केबिन आणि पगारदाराचा हिशेब

पर्यटनासाठी समुद्रावर जाणे ही आता केवळ धनिकांची मिरासदारी राहिलेली नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या दिशेने क्रूझच्या सफरी सुरू झाल्या. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू करून २०२९ पर्यंत क्रूझ-प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. साहजिकच शिक्षक, बँक-कर्मचारी, निवृत्त कारकून यांच्या घरांतही सुट्टीच्या बेतांत माथेरान-महाबळेश्वरच्या जोडीला क्रूझचे नाव निघू लागले आहे. बेत ठरला की पहिला प्रश्न येतो तो केबिनचा. आतली घ्यावी, खिडकीची घ्यावी, की थोडी ओढाताण करून बाल्कनीची घ्यावी? वरवर पाहता हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. वस्तुतः विक्रेत्याने अत्यंत विचारपूर्वक मांडलेला तो एक डाव आहे, आणि तो समजून न घेता निवड करणारा प्रवासी आपल्या बचतीचा मोठा भाग अकारण गमावून बसतो.

वाहन गेले, मुक्काम आला

कोकणातल्या जुन्या पिढीला बोटीच्या प्रवासाचे अप्रूप नव्हते. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकण बोट ही चैन नसून निकड होती. बहुसंख्य चाकरमानी वरच्या वा खालच्या डेकवर वळकटी पसरून जागा धरत. केबिन हा मोजक्यांचा मान असे. तिथे भाडे होते ते पोहोचण्याचे. रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे गाठण्यासाठी लोक समुद्र सहन करीत.

क्रूझचा जन्म याच्या नेमका उलट क्रमाने झाला. १९५८ साली अटलांटिक ओलांडणाऱ्या प्रवाशांत विमानाने जाणाऱ्यांची संख्या प्रथमच बोटीने जाणाऱ्यांपेक्षा अधिक झाली, आणि वाहन म्हणून मोठ्या प्रवासी बोटींचे प्रयोजन संपत आले. त्यानंतर १९६६ ते १९७२ या काळात आज जगभर पसरलेल्या तीन मोठ्या क्रूझ कंपन्या उदयास आल्या: नॉर्वेजियन, रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल. त्यांनी पोहोचणे विकायचे सोडून राहणे विकायला घेतले. बोट हेच गाव झाले. जानेवारी २०२४ मध्ये प्रवासाला निघालेली ‘आयकॉन ऑफ द सीज’ ही बोट वीस डेकची आहे आणि तिच्यात सात हजारांहून अधिक प्रवासी मावतात. एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी ही वस्ती. तिथे जागेचे भाव गल्लीप्रमाणे आणि मजल्याप्रमाणे बदलत असतील तर नवल नाही.

छप्पर नसलेला डबा

क्रूझच्या व्यवसायाचे अर्थशास्त्र सोपे आहे. इंधन, खलाशांचे वेतन, बंदराचे शुल्क हा खर्च बोट भरलेली असो वा अर्धी रिकामी, जवळजवळ तेवढाच राहतो. एक प्रवासी वाढल्याने होणारा जादा खर्च मात्र अल्प असतो. म्हणून प्रत्येक केबिन भरणे आणि प्रत्येक प्रवाशाकडून त्याच्या ऐपतीप्रमाणे जास्तीत जास्त रक्कम मिळवणे, ही दोन उद्दिष्टे कंपनीपुढे असतात. ऐपत कुणाच्या कपाळावर लिहिलेली नसते. ती प्रवाशाकडूनच वदवून घ्यावी लागते. केबिनची उतरंड हे त्याचे साधन आहे. खिडकी नसलेली आतली केबिन, खिडकीची केबिन, बाल्कनीची केबिन आणि सर्वांत वर स्वीट अशी ही पायरी आहे.

फ्रेंच अभियंता आणि अर्थशास्त्रज्ञ ज्यूल द्युप्वी याने १८४९ सालीच या व्यवहाराचे मर्म सांगून ठेवले आहे. त्या काळच्या रेल्वेत तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे. छपराला फार खर्च येत होता म्हणून नव्हे, तर ज्याला दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडते त्याने तिसऱ्या वर्गाकडे वळू नये म्हणून. गरिबाला त्रास देणे हा हेतू नव्हता, सुस्थितीतल्याला घाबरवणे हा होता. क्रूझची आतली केबिन हे त्या उघड्या डब्याचे सुधारलेले रूप आहे. ती स्वच्छ असते, थंड असते, झोपायला पुरेशी असते; परंतु जाहिरातीच्या चित्रांत ती क्वचितच दिसते. दिसते ती बाल्कनी, तिथला चहाचा कप आणि मावळता सूर्य. सूर्यास्त वरच्या मोकळ्या डेकवरूनही तोच दिसतो आणि त्याला वेगळे तिकीट नसते, ही गोष्ट चित्रात येत नाही.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहावा. समजा, चौघांच्या कुटुंबाला दोन रात्रींच्या सफरीसाठी आतल्या केबिनचे ८० हजार आणि बाल्कनीच्या केबिनचे १ लाख २० हजार रुपये पडतात. फरक ४० हजारांचा. जेवण, नाट्यगृह, पोहण्याचा तलाव, किनाऱ्यावरची भटकंती यांतून उरलेल्या वेळात जागेपणी बाल्कनीत बसणे दिवसाकाठी फार तर तीन तास होईल. दोन दिवसांचे सहा तास. म्हणजे दर तासाला साडेसहा हजारांहून अधिक रक्कम केवळ खासगी कठड्यासाठी मोजली गेली. एवढे मोल ज्याला खरोखर वाटते त्याने ते अवश्य द्यावे. परंतु ‘एवढा खर्च केलाच आहे, तर आणखी थोडा’ या विचाराने जो ते देतो, तो झालेल्या खर्चाचा हवाला देऊन होणाऱ्या खर्चाचे समर्थन करतो, आणि ही अर्थशास्त्रातील सर्वांत जुन्या चुकांपैकी एक आहे.

उंची आणि हेलकावे

वर्गाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व जागेला आहे. बोट लाटांवर पुढेमागे आणि डावीउजवीकडे झुलते. हे हेलकावे मध्यभागी आणि खालच्या डेकवर सर्वांत कमी जाणवतात; दोन्ही टोकांना आणि वरच्या डेकवर सर्वांत अधिक. तरीही सामान्यतः वरच्या डेकचे भाडे अधिक असते, कारण बाजार उंचीला प्रतिष्ठा मानतो. ज्याला बोट लागते त्याने अधिक पैसे देऊन अधिक हेलकावे विकत घेण्याचे कारण नाही. आवाजाचेही तसेच आहे. पोहण्याच्या तलावाखालची, स्वयंपाकघराजवळची किंवा नाचगाण्याच्या दालनावरची केबिन रात्री उशिरापर्यंत झोपू देत नाही. खाली-वर दोन्हीकडे केबिनीच असलेला डेक सर्वांत शांत. हे सारे बोटीच्या नकाशावर पैसे भरण्यापूर्वीच पाहता येते. मात्र ‘गॅरंटी’ नावाने मिळणारी स्वस्त केबिन घेतली तर हा हक्क सोडावा लागतो. तिथे हमी असते ती वर्गाची. केबिन कोणती द्यायची हे कंपनी ठरवते.

एकट्या प्रवाशाची गोष्ट आणखी निराळी. भाडे केबिनीमागे दोन माणसे धरून आकारले जात असल्याने एकट्याला बहुधा दीडपट ते दुप्पट रक्कम भरावी लागते. निवृत्तीनंतर एकट्याने समुद्र पाहू इच्छिणाऱ्या शिक्षिकेला जाहिरातीतील दर लागूच होत नाही, हे तिला उशिरा कळते.

ठिबकणारी किंमत

इथेच या विषयाचे सार्वजनिक अंग सुरू होते. जाहिरातीत ठळक छापलेल्या दरात बंदर-शुल्क, कर, सक्तीचे सेवाशुल्क बहुधा नसते; ते एकेका पायरीवर थेंबाथेंबाने वाढत जाते. बोटीवर चढल्यानंतर पेये, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली यांचा निराळा हिशेब होतो तो वेगळाच. सेवाशुल्काचा प्रकार तर विशेष चिंतनीय आहे. ज्याच्या वेतनाची जबाबदारी मालकाची, त्या स्टुअर्डच्या मिळकतीचा एक भाग बक्षिसीच्या नावाखाली प्रवाशाच्या बिलात वेगळा दाखवला जातो, आणि भाडे तेवढे कमी भासते. हे काम करणाऱ्यांत गोव्याच्या आणि कोकणाच्या किनाऱ्यावरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सागरी कामगारविषयक आंतरराष्ट्रीय करार २०१३ पासून अमलात आहे व भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यानुसारदेखील आठवड्याला ७२ तासांपर्यंत काम घेता येते. एवढे श्रम ज्या सेवेमागे आहेत तिचे मोल उघडपणे भाड्यातच असणे, हे प्रवासी आणि कामगार दोघांच्याही हिताचे आहे.

किंमत अशी तुकड्यातुकड्याने उघड करण्याच्या पद्धतीला भारतात कायद्याची दृष्टी लागलेली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीविरुद्ध जी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, त्यांत तेरा प्रकार नोंदवले आहेत. ठिबकणारी किंमत हा त्यांपैकी एक, आणि ‘शेवटच्या दोनच केबिनी शिल्लक’ अशी खोटी निकड निर्माण करणे हा दुसरा. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याचा याच स्वरूपाचा कायदा १ जुलै २०२४ रोजी लागू होताच मोठ्या क्रूझ कंपन्यांनी जाहिरातीच्या दरातच शुल्क मिळवून दाखवायला सुरुवात केली. कायद्याची अंमलबजावणी झाली की जे अशक्य म्हटले जाते ते एका रात्रीत शक्य होते, याचा हा पुरावा आहे.

खिडकीचे खरे मोल

याचा अर्थ खिडकी अथवा बाल्कनी ही नेहमीच उधळपट्टी असते असा नव्हे. अलास्काच्या हिमनद्या किंवा नॉर्वेच्या कड्यांमधून बोट तासन्‌तास जाते, तिथे केबिनीतून दिसणारे दृश्य हाच प्रवास असतो. वृद्धांना, बंद खोलीत जीव घुसमटणाऱ्यांना उजेड ही गरज आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ ही बोट कोरोनाच्या संसर्गामुळे रोखून धरली गेली, तेव्हा तिच्यावर सुमारे ३,७०० माणसे होती आणि त्यांपैकी सातशेहून अधिकांना लागण झाली. खिडकी नसलेल्या केबिनीत दिवसचे दिवस कोंडलेल्या प्रवाशांना उजेडाचे मोल कळले. त्याच वेळी बोटीवरचे कर्मचारी, ज्यांत शंभराहून अधिक भारतीय होते, त्यांतले अनेक जण प्रवाशांच्या दारी जेवण पोहोचवीत होते आणि स्वतः सामायिक खोल्यांत राहत होते, हेही विसरता कामा नये. मात्र असा प्रसंग दुर्मिळ असतो, आणि दुर्मिळ आपत्तीसाठी विमा हा बाल्कनीपेक्षा स्वस्त आणि अधिक उपयोगी उपाय आहे.

सुरक्षेची हमीदेखील केबिनीच्या दर्जात नसते. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्यालगत ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडून ३२ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले आणि संकटकाळी जमण्याचा सराव बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणे बंधनकारक झाले. आपल्या केबिनीपासून जमण्याच्या जागेपर्यंतचा रस्ता स्वतः चालून पाहणे हा सामान लावण्याआधीचा पहिला कार्यक्रम असला पाहिजे.

तेव्हा क्रूझचा बेत करणाऱ्या कुटुंबाने कागद घेऊन उलट्या क्रमाने बसावे. प्रथम एकूण खर्चाची मर्यादा ठरवावी. तीतून शुल्क, सेवाशुल्क, विमा, बंदरापर्यंतचा प्रवास आणि सहली वजा कराव्यात. जे उरेल त्यात मध्यभागीची, शांत डेकवरची जी केबिन बसेल ती घ्यावी. पावसाळ्यात खवळणारा पश्चिम किनाऱ्याचा समुद्र टाळावा. आतली केबिन घेतली म्हणून संकोचण्याचे काही कारण नाही. बहुतेक बोटींवर जेवणघर तेच, डेक तोच आणि क्षितिजही तेच असते. काही नव्या बोटींवर स्वीटच्या प्रवाशांसाठी निराळी उपाहारगृहे आणि निराळा डेकही राखून ठेवला जाऊ लागला आहे. डेक जोवर सर्वांचा आहे तोवर सामान्य प्रवाशाने त्याचा मनसोक्त उपभोग घ्यावा.

शासनाकडून अपेक्षा एवढीच की, क्रूझसाठी बंदरे आणि टर्मिनले उभी करताना ज्यांच्या प्रवासी-संख्येचे उद्दिष्ट ठरवले त्यांच्या खिशाचाही विचार व्हावा. माणशी सर्व शुल्कांसह एकूण किंमत किती, हे जाहिरातीत त्याच ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती करावी. नियम आहेत, त्यांचा अंमल करण्याची इच्छा हवी. कोकण बोटीच्या डेकवर वळकटी पसरणाऱ्या चाकरमान्याला सोयी थोड्या होत्या, पण तिकिटावर छापलेले भाडे हेच भाडे होते. आजच्या प्रवाशाला सोयी कितीतरी अधिक मिळतात. ती एक जुनी सोय मात्र त्याला अजून मागून घ्यावी लागते आहे.