वतन कुणाचं?

हिंदी सिनेमात वतन म्हटलं की झेंडा फडकतो, पब्लिक शिट्ट्या मारतं. आमच्या म्हाताऱ्यांना वतन म्हटलं की मेलेलं ढोर आठवायचं. वेसकराची काठी, सरकारी टपाल घेऊन उन्हातान्हात पळणं, संध्याकाळी दारोदार मागितलेली शिळी भाकर. शब्द एकच. त्यांची मायभूमी, आमच्या गळ्यातला फास. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल आणलं. वतन मोडलं १९५८ च्या कायद्यानं. तोवर बाबासाहेब गेले होते.

हे आज उकरायचं कारण युक्रेन. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाचं लष्कर तिथं घुसलं. नाक्यावरचे दोस्त म्हणतात, रशिया आपला जुना यार, अमेरिका साली बदमाश, आपण कशाला बोला? अमेरिका बदमाश आहेच. म्हणून रशियाच्या रणगाड्याला हार घालायचा?

पुतिननं जुलै २०२१ मध्ये लांबलचक लेख लिहिला. म्हणे रशियन आणि युक्रेनी एकच लोक. दोस्तांनो, ही भाषा ओळखीची वाटत नाही? गिरगावातून चालत जा, गावदेवीला मणिभवन आहे. तिथं १४ ऑगस्ट १९३१ ला बाबासाहेबांनी गांधींना तोंडावर सांगितलं, मला मायभूमी नाही. गांधींचं म्हणणं काय, तर अस्पृश्यांना हिंदूंपासून राजकारणात वेगळं काढायला आपला विरोध. पुढच्या वर्षी उपोषण, आणि २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार. एकच लोक! मग पाणवठा वेगळा का होता? जो तुम्हाला आपला धाकटा भाऊ म्हणतो, त्याच्या हातात आधी काय आहे ते बघा.

युक्रेनी माणसाच्या भाषेला झारनं भाषाच मानलं नाही. १८७६ साली त्या भाषेत पुस्तकं छापायलाच बंदी घातली. स्टॅलिनच्या राज्यात १९३२-३३ ला शेतकऱ्याच्या घरातलं धान्य ओढून नेलं. जानेवारी १९३३ मध्ये भुकेल्यांना मुलूख सोडून जायलाही मनाई केली. लाखो माणसं मेली. आणि त्याच काळात देशातलं धान्य बाहेर विकलं जात होतं. बोटीत पोती चढतायत आणि पिकवणारा मरतोय. गोदीत पाठ मोडलेल्या माणसाला हे समजायला पुस्तक लागत नाही. शेवटी १ डिसेंबर १९९१ ला नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वतंत्र देशाला कौल दिला. तो कौल कुणाच्या बापाला मोडता येणार नाही.

पण एवढ्यावर थांबलो तर आपण पँथरची पोरं कसली?

युक्रेनचा सगळ्यात मोठा कवी तारास शेवचेन्को. जन्म १८१४. बाप भूदास, म्हणून पोरगाही भूदास. मालकानं त्याची किंमत लावली २५०० रुबल. चित्रकार मित्रांनी एका चित्राची लॉटरी काढून १८३८ ला त्याला विकत सोडवला. कवीला, ढोर सोडवावं तसा! पुढं कवितांपायी १८४७ ला झारनं त्याला दूर फौजेत धाडलं. लिहायचं नाही, चित्र काढायचं नाही असा हुकूम. आणि ही भूदासकी फक्त परक्यांनी लादली काय? १७८३ साली राणी कॅथरीननं शेतकऱ्याला जमिनीशी बांधला, तेव्हा युक्रेनमधलेच कोसॅक सरदार जमीनदार होऊन बसले. सरदारांना मानमरातब, कुणब्याला बेडी.

म्हणजे मायभूमी मिळाली तरी ती कुणाची, हा सवाल उरतोच. संयुक्त महाराष्ट्रासाठी परळ-लालबागच्या कामगारानं गोळ्या झेलल्या. १ मे १९६० ला राज्य आलं. १० जानेवारी १९७४ ला याच परळमध्ये पँथरच्या मोर्चावर वरून दगड आला, भागवत जाधव गेला. दगड मराठी, डोकं मराठी. फरक फक्त जातीचा.

म्हणून मी युक्रेनच्या बाजूनं आहे. घरात घुसलेल्यानं निघून जावं, यात वाद नाही. पण त्या देशाला आणि माझ्या देशालाही मी झेंड्याच्या रंगावरून ओळखणार नाही. ज्याची किंमत २५०० रुबल लावली होती, तो तिथं आज कुठं उभा आहे ते विचारीन. तो मान वर करून उभा असेल तर ते वतन. नाहीतर नुसतं मेलेलं ढोर, ओढायला पुन्हा आम्हीच.