एक अख्खं लग्न बघायला मागा

लग्नासाठी फोटोग्राफर ठरवायला गेलात की तो आधी मोबाइलवर आपलं इन्स्टाग्राम उघडून दाखवतो, नाहीतर स्टुडिओतल्या टीव्हीवर तीन मिनिटांचा टीझर लावतो. मन लावून बघा, आवडलं तर तसं सांगा, आणि मग एवढंच म्हणा, ‘तुम्ही केलेलं एक अख्खं लग्न आम्हाला दाखवा. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे सगळे फोटो.’ वर्षाला तीस लग्नं करणाऱ्या कुणाकडेही तीस सुंदर फोटो असतातच, दर लग्नातला एक धरला तरी. तुमच्या हातात येणारा अल्बम मात्र एकाच लग्नाचा असणार. तो कसा असेल, हे निवडक फोटोंवरून कळत नाही.

मी लग्नाचे अल्बम लावते. वेगवेगळ्या फोटोग्राफरांचा डेटा माझ्याकडे येतो आणि त्यातून अल्बमची पानं बनतात. म्हणून हे इतकं आग्रहाने सांगते आहे. हँगरला टांगलेला शालू, फुलांच्या ताटातल्या अंगठ्या, स्टेजची सजावट, नवरीच्या सँडल्स यांचे फोटो ढिगाने येतात आणि दिसतातही छान. पण मुलीच्या आजीचा एकही धड फोटो नसतो. असतो तो कुठल्या तरी ग्रुप फोटोत, कडेला, अर्धा चेहरा कुणाच्या तरी खांद्याआड गेलेला. वर्षा-दोन वर्षांनी घरातून फोन येतो, ‘आजीचा एखादा चांगला फोटो मिळेल का, मोठा करून लावायचाय.’ त्या वेळी मी काहीही केलं तरी न काढलेला फोटो सापडत नाही. सँडल्सचे फोटो काढू नयेत असं मी म्हणत नाही. ज्याला दोन्हीसाठी वेळ काढता येतो, तो फोटोग्राफर शोधा.

म्हणून अख्खं लग्न बघताना नवरा-नवरीचे फोटो भराभर पुढे ढकला. म्हाताऱ्या माणसांचे चेहरे बघा. दुपारी तीन वाजता, सगळे दमल्यावर काढलेले फोटो बघा. पंगतीचे, रुखवताचे, कानपिळीचे फोटो आहेत का, हे बघा. विहिणी एकमेकींना भेटतात तो क्षण आलाय का? वधूचे वडील एखाद्या तरी फोटोत निवांत दिसतात का? हे सगळं जमलेलं असेल, तर त्या माणसाला लग्न कळतं.

बघायला मागायचं ते लग्न शक्यतो तुमच्यासारख्याच जागेतलं असावं. उदयपूरच्या महालात, संध्याकाळच्या उन्हात फोटो चांगले येणारच. तिथे निम्मं काम जागा आणि ऊनच करून देतं. तुमचं लग्न सांगलीच्या, नाशिकच्या किंवा डोंबिवलीच्या कार्यालयात असेल तर तिथलं छत बुटकं असतं, वर ट्यूबलाइट असतात आणि स्टेजवर डेकोरेशनवाल्याने जांभळे-निळे एलईडी सोडलेले असतात. हळद लागलेला चेहरा जांभळ्या दिव्याखाली मातकट, राखाडी दिसतो. नंतर कॉम्प्युटरवर किती दुरुस्त केला तरी हळदीचा खरा पिवळा रंग परत येत नाही. फ्लॅश छतावर मारून उजेड पसरवायची पद्धत आहे. पण वर लाल मांडवाचं कापड असेल तर तो उजेड लाल होऊनच खाली येतो आणि सगळ्यांचे चेहरे लालबुंद दिसतात. जाणकार फोटोग्राफर आधी येऊन कार्यालय बघून जातो, आपले दिवे घेऊन येतो आणि डेकोरेशनवाल्याला समोरून साधा पिवळसर-पांढरा उजेड ठेवायला सांगतो. तुमच्या कार्यालयाचं नाव ऐकल्यावर त्याने काय काय विचारलं, ते लक्षात ठेवा. काहीच विचारलं नाही, तर मनात त्याची नोंद करून ठेवा.

आता अंतरपाटाचं सांगते. यावर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त फसतात ते हेच फोटो. नवरा एका बाजूला, नवरी दुसऱ्या बाजूला, मध्ये धरलेलं कापड, दोघांच्या मागे मामा, भोवती करवल्या. शेवटची मंगलाष्टका संपते, ‘सावधान’ होतं, वाजंत्री सुरू होते, कापड बाजूला होतं आणि दोघं एकमेकांकडे बघतात. हे सगळं काही सेकंदांत उरकतं. त्याच वेळी हवेत अक्षता असतात आणि नातेवाईक हातातले मोबाइल उंच करून पुढे सरकलेले असतात. एकटा माणूस एकाच चेहऱ्यासमोर उभा राहू शकतो. दुसऱ्याची पाठ येते. म्हणून या घडीला दोन कॅमेरे लागतात, एक तिच्याकडे तोंड करून आणि एक त्याच्याकडे, शिवाय व्हिडिओचा वेगळा. पॅकेज कितीही लहान घ्या, लग्न लागतानाचा दुसरा कॅमेरा कापू नका. अख्खं लग्न बघाल तेव्हा ही जागा शोधून बघा. दोघांचेही चेहरे मिळालेत का? गोरज मुहूर्त असेल तर आणखी एक अडचण असते. उघड्या लॉनवर दहा मिनिटांत उजेड बदलतो, आणि सरावातल्या माणसालाच तो सांभाळता येतो.

आणखी एक स्पष्ट विचारा, ‘तुम्ही विधी थांबवता का?’ काही जण गुरुजींना थांबवून हार पुन्हा घालायला लावतात, सप्तपदीची पावलं परत टाकायला लावतात. माझ्या मते हे अजिबात चालू देऊ नये. लग्न आधी, फोटो नंतर. ज्याला विधींचा क्रम ठाऊक असतो, तो लाजाहोमाच्या आधीच जागा धरून बसलेला असतो. त्याला कुणाला थांबवावं लागत नाही. तुमच्या घरची पद्धत वेगळी असेल तर तशाच घरच्या लग्नाचे फोटो मागा. बौद्ध पद्धतीच्या लग्नात वधू-वर पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि सराव नसलेल्याच्या फोटोत ते पांढरं सगळं एकसारखं उडून जातं, ना काठ दिसतो ना चुणी. गोव्यातल्या ख्रिस्ती घरात आदल्या दिवशीचा रोस असतो. त्यात नारळाचा रस अंगाला लावतात, घरभर धांदल असते आणि कॅमेऱ्यालाही रस लागणार असतो. नोंदणी पद्धतीचं लग्न असेल तर दिवसभराचं पॅकेज घ्यायची गरजच नाही; एक चांगला माणूस दोन-तीन तासांसाठी पुरतो.

आता, येणार कोण? हा प्रश्न विचारायला लोक लाजतात. आपल्याकडे मुहूर्ताच्या तारखा ठरलेल्या असतात. तुळशीचं लग्न झालं की गर्दी सुरू होते, पुढे एप्रिल-मे महिन्यांत तर एकाच तारखेला गावातली सगळी कार्यालयं भरलेली असतात. त्याच तारखेला एका फोटोग्राफरकडे तीन-तीन ऑर्डरी असू शकतात. एकीकडे तो स्वतः जातो, बाकी ठिकाणी ओळखीची मुलं पाठवतो. यात फसवणूकच असते असं नाही, ती मुलं चांगलीही असतात. पण तुम्ही फोटो बघितलेत एकाचे आणि कॅमेरा धरणार दुसरा, हे तुम्हाला आधी कळायला हवं. ‘आमच्या लग्नाला तुम्ही स्वतः येणार का? नसाल तर जे येणार त्यांनी केलेलं लग्न दाखवा, आणि त्यांची आमची एकदा भेट घालून द्या.’ यात उद्धटपणा काही नाही. चांगला फोटोग्राफर असल्या प्रश्नाने रागावत नाही.

लग्न कार्तिकानंतरचं असेल तर फोटोग्राफरकडे श्रावण-भाद्रपदात जा. चातुर्मासात लग्नं थोडी असतात, त्याला तासभर बसून बोलायला वेळ असतो, आणि तुमची तारीखही त्याच्याकडे मोकळी असण्याची शक्यता जास्त. मुलामुलीलाही बरोबर न्या. दिवसभर त्या माणसाच्या नजरेसमोर तीच दोघं असणार, तेव्हा त्याच्याशी त्यांचं जमायला हवं. कॅमेऱ्यासमोर अवघडणाऱ्या मुलाला हा माणूस मोकळं करू शकेल का, हे पहिल्या भेटीतच कळतं.

खर्चाचं म्हणाल, तर प्री-वेडिंग, ड्रोन, सिनेमॅटिक फिल्म हे सगळं हौसेचं आहे. हौस असावी. पण पैसे मोजके असतील तर आधी हे कापा आणि चांगला माणूस व दुसरा कॅमेरा ठेवा. ड्रोनबद्दल एवढं माहीत असू द्या, की तो कुठेही उडवता येत नाही. विमानतळाच्या आसपास किंवा लष्करी हद्दीजवळ मनाई असते आणि मुंबईत पोलीस वेळोवेळी बंदीचे आदेश काढतात. 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. ते दाखवायला सांगा. आणि पैसे वाचवायचे म्हणून भावकीतल्या कॅमेरावाल्या मुलाला मुख्य काम देऊ नका. त्याला पाहुणा म्हणून येऊ द्या, नाचू द्या. त्याचे फोटो वरकड मिळाले तर आनंदच.

ठरलं की कागद करा. ओळखीतला असला तरी करा, ओळखीतला असला तर जरूरच करा. तारीख, जागा, कोणकोणते कार्यक्रम (हळद, सीमांतपूजन, लग्न, स्वागत समारंभ, नावं घालून), किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, जादा तासाचे किती, कोण येणार, कॅमेरे किती, अल्बम केवढा आणि किती पानांचा, फोटो व अल्बम कधीपर्यंत मिळणार, लग्न पुढे गेलं तर बयाण्याचं काय. बाहेरगावी असेल तर प्रवास आणि राहण्याचा खर्च कुणाचा. जीएसटी धरून रक्कम आहे की वेगळा लागणार, हेही. नोंदणी असलेला व्यावसायिक 18 टक्के लावतो. पैसे तीन टप्प्यांत द्या, बुकिंगला थोडे, लग्नाच्या वेळी थोडे आणि उरलेले अल्बम हातात आल्यावर. यूपीआयने किंवा चेकने दिलेत तर नोंद राहते.

फोटो कुणाच्या मालकीचे, हाही प्रश्न आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, पैसे देऊन आपल्या सांगण्यावरून फोटो काढून घेतले, तर वेगळा करार नसेल तेव्हा कॉपीराइटचे पहिले मालक आपण. म्हणून सही करायच्या कागदात उलटं काही लिहिलंय का, ते वाचून घ्या. आपले फोटो फोटोग्राफरने जाहिरातीसाठी, इन्स्टाग्रामवर टाकायचे का, हे मुलामुलीला विचारून ठरवा आणि तेही लिहा. घरातल्या लहान मुलांचे आणि हळदीचे फोटो टाकायचे नाहीत, असं लिहून घेणारी घरं आहेत. मला ते योग्य वाटतं.

पैसे घेऊन फोटो दिलेच नाहीत, तर हतबल होऊ नका. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. आधी सल्ला हवा असेल तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तक्रार करताना तुमचा तो कागद आणि पैशांच्या नोंदीच उपयोगी पडतात.

पण डेटाच गेला तर कुठलाही आयोग लग्न परत लावून देऊ शकत नाही. म्हणून विचारा, ‘तुमच्या कॅमेऱ्यात दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवले जातात का? रात्री कॉपी किती ठिकाणी करता?’ दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, हा नियम पाळणारा माणूस हे उत्तर पटकन देतो. तुमची स्वतःची हार्ड डिस्क त्याला द्या आणि आठवड्याभरात सगळा मूळ डेटा भरून घ्या.

लग्नाच्या दिवशी फोटोग्राफरला माणसं दाखवायचं काम घरातल्या एकाला नेमून द्या. मुलीची मावशी किंवा मुलाचा चुलतभाऊ, दोन्हीकडची माणसं ओळखणारं कुणीतरी. आदल्या दिवशी एका कागदावर नावं लिहा. कुणाचे फोटो हवेतच, कोण लवकर निघणार, कुणाला स्टेजवर चढता येत नाही. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना स्टेजवर आणू नका. नवरा-नवरीला खाली त्यांच्या खुर्चीपाशी न्या. अशा फोटोत सगळेच मोकळे दिसतात. आणि फोटोग्राफरच्या माणसांना वेळेवर जेवू घाला. पहाटेपासून उभी असलेली मुलं शेवटच्या पंगतीपर्यंत उपाशी राहतात आणि पाठवणीच्या वेळी त्यांच्या अंगात त्राण उरत नाही. ती आपल्याच कार्यासाठी राबत असतात.

लग्न झालं की चार-पाच साधे फोटो लगेच मागून घ्या, हार घातलेले आणि विधी चालू असलेले, दोघांचे चेहरे स्पष्ट दिसणारे. विवाह नोंदणीच्या वेळी लग्नपत्रिकेबरोबर ते लागतात. जोडीदार परदेशात असेल तर व्हिसाच्या कागदांतही उपयोगी पडतात. त्यासाठी अल्बमची वाट बघायला नको. अल्बम रखडतो तो पुष्कळदा आपल्यामुळेच, कारण फोटो निवडून कळवायचं काम घरात कुणीच करत नाही आणि पेन ड्राइव्ह कपाटात पडून राहतो. लग्नानंतर महिन्याभरातला एक रविवार आत्ताच ठरवा. दोन्हीकडच्या आई-वडिलांना बोलवा, दीडशे-दोनशे फोटो निवडा आणि त्याच दिवशी यादी पाठवून द्या. आजी-आजोबांसाठी एका छोट्या अल्बमची जादा प्रत काढायची का, तेही तेव्हाच विचारून घ्या.