पगडी किती डोक्यांची?

बडोद्यातल्या अकोटा भागातील नगरगृहाला ज्यांचे नाव आहे, ते बडोदानरेश सयाजीराव महाराज १९११ च्या दिल्ली दरबारात जडजवाहीर न घालता पंचम जॉर्जसमोर गेले आणि इंग्रजी वृत्तपत्रांनी राजद्रोहाची ओरड केली. वेशाची भाषा सत्तेला चटकन कळते. तिला बळ कशाने येते, याचे उत्तर आपण मात्र जुनेपणात शोधतो. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०१८ मध्ये शरद पवारांनी तिच्याऐवजी महात्मा फुल्यांच्या पगडीचा आग्रह धरला आणि अस्सल मराठी पगडी कोणती, यावर वाद रंगला. पण पगडीचा घाट पाहून जात नि हुद्दा ओळखण्याची रीत पेशवाईपासूनची. पगडीची ताकद मोजायची, तर ती किती निरनिराळ्या डोक्यांवर बसते हे पाहावे.

पॅलेस्टाइनच्या कफियाचा इतिहास हेच सांगतो. हा चौकोनी रुमाल शेतकऱ्यांचा आणि भटक्या बेदुइनांचा. शहरी मध्यमवर्ग तुर्की टोपी घालत असे. १९३६ मध्ये ब्रिटिश अंमलाविरुद्ध उठाव झाला, तेव्हा रुमालावरून खेड्यातला बंडखोर ओळखू येऊ लागला. म्हणून १९३८ मध्ये बंडाच्या नेत्यांनी शहरवासीयांनाही तोच बांधण्याचा हुकूम काढला. गावंढळपणाची खूण वर्गांच्या भिंती ओलांडून राष्ट्राची खूण झाली ती अशी. पुढे यासर अराफत यांनी ती जगभर पोचवली. आपल्याकडे गांधी टोपीनेही जातीचे घाट पुसले. सरकारी नोकरांना ती घालण्यास अनेक ठिकाणी मनाई झाली, ती उगाच नव्हे.

कोणी म्हणेल, १९३८ चा तो हुकूम होता, स्वेच्छा नव्हती. हे खरे आहे, आणि सक्तीचे समर्थन करता येत नाही. पण सक्ती उठाव संपताच ओसरली. रुमाल टिकला, तो लोकांनी आपला मानला म्हणून. दुसरा आक्षेप असा, की कफियात काहींना हिंसेची आठवण दिसते. तीही खोटी नाही. १९६९ च्या विमान अपहरणानंतर ते करणाऱ्या पॅलेस्टिनी लैला खालिद यांचे कफिया बांधलेले छायाचित्र जगभर गेले. मात्र एका प्रसंगाने शेतकऱ्याच्या रुमालाला गुन्हेगार ठरवणे अन्यायाचे. तिसरा आक्षेप बाजाराचा: सर्वांनी घातले की अर्थ उरत नाही. पण गांधी टोपीचे तेज उतरले, ते फार लोकांनी घातल्याने नव्हे; सत्तेत बसलेल्यांनी ती गणवेशासारखी वापरल्याने. बडोद्यात वा पुण्यात लग्नाचा फेटा बांधताना अस्सलपणाची भांडणे बाजूला ठेवून तो बाईला, कष्टकऱ्याला, परक्याला आपण किती सहज बांधतो, याचा हिशेब करावा. परंपरेचा मान त्यावरच ठरेल.