क्रोमचे स्वातंत्र्य कोणाचे?

रॉबर्ट ई. हॉवर्डच्या कॉनन-कथांतील क्रोम हा डोंगरावर वसणारा, नवसाला न पावणारा देव आहे. जन्मतः झुंजण्याचे बळ देऊन तो माणसाकडे पाठ फिरवतो. या उदासीनतेतच मानवी स्वातंत्र्याचे बीज शोधणारे वाचन आकर्षक आहे. परंतु ते अपुरे आहे. १९३५ मध्ये 'विअर्ड टेल्स'मधून प्रसिद्ध झालेली 'बियाँड द ब्लॅक रिव्हर' ही कथाच त्याला छेद देते. अक्विलोनियाने पिक्टांची भूमी बळकावून वसाहत केली आहे. पिक्ट लढून ती परत घेतात. क्रोमचे उपासक असलेल्या सिमेरियनांनीही पूर्वी अक्विलोनियाचेच सरहद्दीवरचे व्हेनारियम उद्ध्वस्त केले होते, आणि त्या हल्ल्यात कॉनन स्वतः होता. कृती एकच; मात्र सिमेरियनांच्या बाबतीत ती शौर्य ठरते, पिक्टांच्या बाबतीत क्रौर्य. पिक्टांच्या पाठीशी असलेला रानाचा आदिम देव झेब्बल साग तर केवळ भयाचा विषय उरतो. संघर्षाने स्वातंत्र्य मिळते हे तत्त्व खरे मानायचे, तर त्याचे पहिले हक्कदार पिक्टच होत. हे नाकारणारी समीक्षा स्वातंत्र्याचे नव्हे, वसाहतीचेच दैवत पूजते.